पावसाळा आणि सायकलची चेन

पावसातून सायकल घरी आणली की आधी चेनकडे बघा. चिखल आणि जुनं तेल मिळून जो काळा लगदा होतो, तोच चेन आणि फ्रीव्हील झिजवतो. फडक्यावर थोडं डिग्रीझर घ्या, चेन त्यात धरून पेडल उलटं फिरवा. सांध्यांत जुना टूथब्रश चालवा. चेन पूर्ण सुकली की प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटांनी वरचं तेल पुसायचंच! तेल आत हवं; बाहेर राहिलं की धूळ धरतं. रिमवर किंवा डिस्कवर मात्र उडू देऊ नका, ब्रेक धरणार नाहीत. बाकी सायकलला बादलीभर साबणाचं पाणी पुरे. गाड्या धुतात त्या प्रेशरच्या फवाऱ्याखाली ती कधीही धरू नका, हबमध्ये पाणी शिरून ग्रीस जातं.