फोन तुमच्या हाताच्या मापाचा आहे का?

चप्पल घेताना आपण ती पायात घालून, चार पावले चालून पाहतो. मोबाईल घेताना मात्र किंमत, कॅमेरा आणि बॅटरी पाहतो. तो हातात नीट बसतो का, हे पाहायचे राहून जाते. जी वस्तू रोज तासन्‌तास हातात असते तिचे माप चुकले, तर त्रास हातालाच होणार.

२००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा स्क्रीन साडेतीन इंचांचा होता आणि वजन १३५ ग्रॅम. आज साडेसहा इंचांचे स्क्रीन सर्रास दिसतात आणि कव्हरसह वजन २०० ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे जाते. फोन वाढत गेला, अंगठा होता तेवढाच राहिला. स्त्रियांचे हात सरासरीने लहान असल्यामुळे मोठा फोन एका हाताने वापरताना त्यांच्या अंगठ्याला जास्त ताणावे लागते. अंगणवाडी सेविका, आशाताई यांच्या तर कामाच्या नोंदीही मोबाईलवरच भरायच्या असतात. त्यांना “फोन कमी वापरा” असे सांगून भागणार नाही.

एका हाताने फोन वापरताना करंगळी खालून भार घेते, बाकीची बोटे मागून आधार देतात आणि अंगठा स्क्रीनभर फिरतो. पलीकडचा वरचा कोपरा गाठताना तो पूर्ण ताणला जातो. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल सतत झाली की ते आवरण जाड होते आणि कंडरा अडखळू लागतात. मग बादली उचलताना, कपडे पिळताना अंगठ्याखाली कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले; आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्येही ते आढळते. बाळ लहान असताना फोनचा ताण त्यात भर घालू शकतो.

हातात आहे त्या फोनवरही काही बदल करता येतात:

• फोन एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने लिहा.
• अनेक फोनच्या सेटिंगमध्ये ‘एका हाताने वापर’ अशी सोय असते. ती सुरू केल्यावर स्क्रीनवरचे सारे अंगठ्याच्या टप्प्यात येते.
• लांब मजकूर बोलून लिहा. मराठीत बोललेलेही फोनवर टाईप होते.
• अक्षरे मोठी करा, म्हणजे मान वाकवून फोन डोळ्यांजवळ आणावा लागणार नाही.
• अभ्यास किंवा व्हिडिओ पाहताना फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उंचावर ठेवा.
• थोड्या थोड्या वेळाने फोन खाली ठेवून मनगट आणि कोपर सैल करा.

दुखरी जागा जोरात चोळू नका. विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, पकड ढिली होऊन वस्तू हातातून पडू लागल्या किंवा बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येणे हे मनगटातील नस दबल्याचे लक्षण असू शकते. करंगळी बधिर होत असेल, तर बराच वेळ कोपर दुमडून फोन धरण्याची सवय त्यामागे असू शकते. वेळेवर गेल्यास पुष्कळदा मनगटाला आधार देणारा पट्टा आणि औषधे यांवर काम भागते.

पुढचा फोन घेताना दुकानातच तो एका हातात धरून पाहा. स्क्रीनच्या इंचांपेक्षा फोनची रुंदी आणि वजन महत्त्वाचे आहे. पकड न बदलता अंगठा समोरच्या कडेपर्यंत सहज पोचला पाहिजे. नाहीच पोचला, तर थोडा लहान फोन मागा.