कोंडलेल्या कोंबडीचा खर्च कोणाचा?

बर्ड फ्लूची बातमी आली, की पशुसंवर्धन खात्याकडून एक सूचना हमखास निघते : कोंबड्या मोकळ्या सोडू नका, बंदिस्त ठेवा. शास्त्रदृष्ट्या ही सूचना निर्विवाद आहे. या रोगाचे विषाणू रानबदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतात आणि थंड, ओलसर जागी बरेच दिवस तग धरतात. ओढ्याकाठी चरणाऱ्या कोंबडीला त्यांची बाधा सहज होऊ शकते. तेव्हा प्रश्न सूचनेच्या शहाणपणाचा नाही. तिच्या खर्चाचा आहे.

भारतात पाळीव पक्ष्यांमध्ये या रोगाची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर आसपासच्या घरांतील कोंबड्याही तेव्हा मारण्यात आल्या. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तर रोगाचा मुख्य तडाखा परसातील कोंबड्यांनाच बसला व ४० लाखांहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील आहेत. म्हणजे हा व्यवसाय किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगा खचित नव्हे.

गावठी कोंबडी वर्षाकाठी अंडी फार देत नाही. तरीही ती परवडते. कारण तिच्या पोटासाठी पदरचे फारसे काही खर्चावे लागत नाही. उकिरड्यावरचे किडे आणि खळ्यात सांडलेले दाणे यांवर तिची गुजराण होते. अंड्यांचे व पिलांचे चार पैसे घरातील बाईच्या हाती राहतात. मुलांच्या वह्या, औषधपाणी, आठवड्याचा बाजार त्यांतून निभतो. कोंबडी कोंडली, की हा हिशेब उलटतो. दाणे विकत आणावे लागतात, जाळी घ्यावी लागते, आणि फुकट वाढणारी मिळकत घराला भार होऊन बसते.

या बंदोबस्ताचा लाभ मात्र एकट्या मालकिणीला होत नाही. शेजारची कुक्कुटशाळा वाचते आणि माणसांना असलेला धोकाही घटतो. हा धोका क्वचित उद्भवणारा असला तरी काल्पनिक नाही. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एक मुलगा या रोगाने दगावला. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्या गरिबाचा, ही वाटणी न्याय्य नाही, आणि ती टिकतही नाही. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची भरपाई केंद्र व राज्य मिळून देतात. पण रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीला काही मिळत नाही, आणि कोंडून ठेवण्याच्या खर्चाचा तर त्या हिशेबात पत्ताच नसतो. अशा स्थितीत कोंबडी लपवण्याचा किंवा घाईने बाजारात विकून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्याच वाटेने रोग पुढच्या गावी पोहोचतो.

उपाय फार खर्चिक नाही. वरून पक्ष्यांची विष्ठा पडणार नाही असे पक्के छप्पर, चिमणी शिरणार नाही अशी बारीक जाळी, दाणापाणी खुराड्याच्या आतच, बदके कोंबड्यांपासून वेगळी, आणि आत जाताना निराळी पायताणे : एवढ्यानेही संरक्षण बरेच साधते. या खुराड्यांसाठी अनुदान आणि निर्बंधांच्या काळापुरते खाद्य ग्रामपंचायतीमार्फत द्यावे. साथ आल्यावर कोंबड्या मारून भरपाई वाटण्यापेक्षा, ती येण्यापूर्वी जाळी व दाणे पुरवणे शहाणपणाचे ठरेल. आज्ञा काढणे सोपे असते; ती पाळणे ज्याला परवडत नाही, त्याला हात देणे हे शासनाचे खरे काम होय.