नोटीस आली तर आधी कलम वाचा

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या घरांना नोटिसा बजावतात. आपल्या मोहल्ल्यात असा कागद दारावर चिकटला की दोनच गोष्टी होतात. एक तर घरात घबराट पसरते, "बुलडोझर येणार!" नाही तर कागद घडी करून कपाटात, वीजबिलांच्या खाली जातो. गेल्या काही वर्षांत देशात जे चाललंय ते बघता ही भीती आम्हाला समजते. पण सगळ्या नोटिसा एकसारख्या नसतात, आणि त्या एकसारख्या मानल्यामुळे माणसं मेली आहेत.

म्हणून नोटीस हातात आली की आधी बघा, त्यावर कलम कोणतं लिहिलंय.

परभणीत 2011 पासून महानगरपालिका आहे. तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू होतो. त्यातलं कलम 260, किंवा नगररचना अधिनियम 1966 चं कलम 53, म्हणजे मामला अनधिकृत बांधकामाचा. तुम्ही परवानगी घेतली होती का, एवढाच तिथे सवाल. कलम 264 मात्र धोकादायक इमारतीचं. तिथे घर कायदेशीर आहे का हा सवालच नाही. घर पडेल का, आत राहणाऱ्यांना किंवा रस्त्यावरून जाणाऱ्यांना धोका आहे का, हे बघायचं असतं. आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी सांगू शकतात की दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवून घ्या. धोका अगदी डोक्यावर असेल तर नोटिशीची वाट न बघताही पालिका पावलं उचलू शकते. कलम 268 खाली इमारत रिकामी करायला सांगता येतं.

बुलडोझरबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने दिला. पंधरा दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं आणि शिवाय घरावर चिकटवून, मालकाचं म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह लेखी आदेश, आणि आदेशानंतर आणखी पंधरा दिवस. हा निकाल अनधिकृत म्हणून पाडल्या जाणाऱ्या बांधकामांसाठी आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला तो लागू नाही. आणि "आता पंधरा दिवस कुणी हात लावू शकत नाही" असं म्हणून कुणी 264 च्या नोटिशीकडे पाठ फिरवत असेल, तर तो मोठी चूक करतोय. भिंत काही कोर्टाची तारीख बघून पडत नाही.

भिवंडीची जिलानी बिल्डिंग आठवा. 21 सप्टेंबर 2020, पहाटेची वेळ, लोक झोपेत. सुमारे 40 माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. नोटीस दिली होती, असं महापालिकेनं सांगितलं. तिथेही हाच 1949 चा कायदा. त्याच्या महिनाभर आधी, 24 ऑगस्टला महाडची तारिक गार्डन पडली आणि 16 जण गेले. ती इमारत तर जुनीही नव्हती! म्हणजे वय हेच एक माप नाही.

तरी कायद्यानं वयाची एक रेघ आखलीय. कलम 265-अ प्रमाणे इमारतीला तीस वर्षं झाली की मालकाने किंवा राहणाऱ्याने पालिकेकडे नोंदवलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला द्यायचा असतो. 1990 च्या आसपास बांधलेली आपली घरं या रेघेच्या पलीकडे गेली. तपासणी टाळली तर कलम 398-अ खाली 25 हजार रुपये किंवा वर्षाची घरपट्टी, जे जास्त असेल तेवढा दंड. इंजिनिअरनं सुचवलेली दुरुस्ती केली नाही, तर पालिका ती करून खर्च घरपट्टीच्या थकबाकीसारखा वसूल करू शकते.

रिपोर्टमध्ये एक श्रेणी असते. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2ए, रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी मध्ये राहत राहूनही दुरुस्ती होते. सी-3, किरकोळ काम. "धोकादायक यादीत नाव आलं" एवढ्यावरून घर गेलं असं समजू नका, आधी श्रेणी विचारा. पालिकेचं म्हणणं पटत नसेल तर स्वतःच्या इंजिनिअरचा रिपोर्ट लेखी द्या आणि पोच घ्या.

आपल्याकडे दोन गोष्टी खास बघायच्या. एक, काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि पाया हलवते. दारं अचानक घट्ट बसायला लागली, भिंतीत तिरकी चीर वाढत गेली, तर ते रंगाऱ्याचं काम नाही. दुसरी, माळवदाची घरं. आपल्या दादी-नानींच्या काळात दरवर्षी पावसाआधी माळवदावर पांढरी माती टाकली जायची. आता ती टाकणारे हात राहिले नाहीत, कुणी वर प्लास्टिक अंथरतं. खाली तुळई कुजते आणि मातीच्या भिंतीला पोट येतं. अशा खोलीत पावसाच्या रात्री लेकरांना झोपवू नका, नोटीस आली असो वा नसो.

जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा, सोनपेठ इथे नगरपरिषद आहे. तिथला कायदा 1965 चा, आणि धोकादायक इमारतीची नोटीस कलम 195 खाली येते.

भाडेकरूंची अडचण वेगळी, आणि खरी. "एकदा बाहेर पडलो की मालक परत घेणार नाही," या भीतीनं माणूस पडक्या खोलीतही चिकटून राहतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. वक्फच्या जागेत भाड्यानं राहणाऱ्यांनी दुरुस्तीची परवानगी मुतवल्लीकडे तोंडी न मागता लेखी मागावी. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतल्या वक्फ मंडळाच्या कार्यालयालाही प्रत पाठवावी. खोली सोडण्याआधी पालिकेकडून तुमच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप लिहून घ्या. भाडेपावती, वीजबिल, घरपट्टीची पावती, आधार यांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवा आणि एक संच नातेवाइकांच्या घरी. मग चावी फिरवा.