अडलेल्या इंजिनाचे तीन प्रश्न

मोटारसायकल सुरू झाली नाही की आपण काय करतो? आणखी जोरात किक मारतो. तरीही झाली नाही, तर प्लग काढून पुसतो, कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवतो आणि पुन्हा किक मारतो. कधी कधी गाडी सुरू होतेही. ती कशामुळे सुरू झाली हे मात्र कळलेले नसते, त्यामुळे पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच असतो. एक जुनी मोटारसायकल घरी दुरुस्त करताना आम्ही हीच चूक केली आणि तिच्यापायी इंजिन गमावता गमावता वाचलो. त्या निमित्ताने जे शिकलो ते वर्गातही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

आमच्या एका सहकारी सरांच्या घरामागच्या पडवीत त्यांच्या वडिलांची जावा २५० ताडपत्रीखाली उभी होती. वडील गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षे, ती हलली नव्हती. भंगारात द्यायला सरांच्या आई तयार नव्हत्या. आणि आहे तशी ठेवायची तर ती गंजून जाणार. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघा शिक्षकांनी ती चालू करायचे मनावर घेतले. तिघांत मिस्त्री कोणीच नव्हते.

जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून ‘येझदी’ बाहेर पडली. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. तेव्हा आमच्यासमोरच्या गाडीचा एखादा भाग आम्ही बिघडवला, तर तो सहज मिळणार नव्हता.

घाई नको

पहिल्याच दिवशी किक खाली जाईना. इतकी वर्षे दमट हवेत राहून दट्ट्या सिलिंडरला धरून बसला होता. अशा वेळी किकवर उभे राहणे म्हणजे काहीतरी मोडून घेणे. आम्ही प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण आत ओतले आणि चार दिवस वाट पाहिली. हे पातळ मिश्रण केशाकर्षणाने बारीक फटींत शिरते. पाचव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलकेच पुढे-मागे झुलवले, तेव्हा दट्ट्या सुटला.

टाकी आतून गंजलेली होती. तिच्यासाठी रसायनशास्त्राच्या तासाला शिकवतो ते विद्युत् अपघटन उपयोगी पडले. टाकी आधी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुतली आणि पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात उघडी ठेवली. मग तिच्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरले, टाकीला बॅटरी चार्जरचे ऋण टोक जोडले आणि टाकीला कोठेही टेकणार नाही अशी एक लोखंडी सळई द्रावणात सोडून तिला धन टोक जोडले. गंज सुटून सळईवर तपकिरी चिखल जमत गेला. येथे तीन सूचना. टाकीकडे हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळपास ठिणगी नसावी. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, कारण तिच्यातील क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरू शकतात. आणि ॲल्युमिनियमचे भाग या द्रावणात कधीही बुडवू नयेत, सोडा त्यांना खातो.

तीन प्रश्न

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि योग्य क्षणी ठिणगी. इंजिन अडले की या तिघांपैकी काय कमी आहे, एवढेच शोधायचे असते.

दाबाचे उत्तर किक मारणाऱ्या पायालाच मिळाले. किक रेटून परत येत होती. ठिणगी पाहण्यासाठी प्लग काढून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवले आणि किक मारली. ठिणगी नव्हती. या गाडीत ६ व्होल्टची बॅटरी असते आणि ठिणगीला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतून वाहणारा प्रवाह पॉइंट उघडून एकदम तोडला, की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, पुष्कळ वेढ्यांच्या गुंडाळीत मोठा दाब प्रवर्तित होतो. फॅरडेचा हा नियम आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. आमच्या पॉइंटवर ऑक्साइडचा थर चढला होता, त्यामुळे मुळात प्रवाहच वाहत नव्हता. मग तुटणार काय? पॉइंट घासून साफ केले, फीलर गेजने फट ०.४ मिलिमीटर ठेवली. निळसर ठिणगी पडली. पेट्रोलमध्ये ४ टक्के ऑइल मिसळून भरले आणि सातव्या किकला इंजिन बोलले. आतल्या खोलीतून सरांच्या आई दारापर्यंत आल्या.

आमची चूक

आनंद आठवडाभर टिकला. इंजिन तापले, की ॲक्सिलरेटर सोडूनही त्याचा वेग कमी होईना; उलट ते स्वतःहून भरधाव फिरू लागे. प्लग काढून पाहिला तर त्याचे पोर्सेलिन फिकट तपकिरी असायला हवे होते, ते पांढरेफटक होते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, याची ही खूण.

आम्ही काय केले? एकाच रविवारी कार्ब्युरेटरचा जेट मोठा घातला, ठिणगीची वेळ बदलली आणि प्लगही नवा बसवला. गाडी बरी वाटली, म्हणून तिघांनी एकमेकांचे अभिनंदन केले. पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या चढावर इंजिन अचानक, कोणी ब्रेक लावावा तसे मंदावले. सरांनी तत्परतेने क्लच ओढला म्हणून चाक अडकले नाही. दट्ट्या सिलिंडरमध्ये धरला होता.

तो का धरतो, याचे गणित सोपे आहे. दट्ट्या ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक एका अंशाला सुमारे ०.००००२३, बिडाचा ०.००००११. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर. दोघांचेही तापमान १०० अंशांनी वाढले, तर दट्ट्या ०.१५ मिलिमीटर फुगतो आणि सिलिंडर ०.०७. म्हणजे मधली फट सुमारे ०.०८ मिलिमीटरने, साधारण वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी, कमी होते. प्रत्यक्षात दट्ट्या सिलिंडरहून अधिक तापतो, त्यामुळे ती आणखी आवळते. अशा इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी आले की वंगणही कमी, आणि उष्णता जास्त.

सिलिंडर उघडला तेव्हा भिंतीवर ॲल्युमिनियमचे पट्टे घासले गेलेले दिसले. बारीक पॉलिश पेपरने ते निघाले. खोल चरे पडले असते, तर सिलिंडर बोअर करून मोठा दट्ट्या घालावा लागला असता आणि अशी संधी एका सिलिंडरला मोजक्याच वेळा मिळते.

एका वेळी एकच बदल

त्या संध्याकाळी आम्ही एक वही घातली. चार रकाने आखले: लक्षण, अंदाज, कसोटी, निकाल. केलेले तिन्ही बदल पूर्ववत केले आणि ठरवले, की यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मिश्रणात हवा जास्त होण्याची दोन कारणे संभवतात. एक तर पेट्रोल कमी येते, नाहीतर हवा दुसऱ्याच वाटेने आत शिरते. पहिल्या अंदाजाची कसोटी म्हणून जुना जेट साफ करून पाहिला, टाकीपासून पेट्रोलची धार तपासली. दोष नव्हता. मग दुसरा अंदाज. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याखालची पोकळी, म्हणजे क्रँककेस, ही पंपाचे काम करते. दट्ट्या वर जाताना तिच्यातला दाब कमी होऊन कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जाते. क्रँकच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. सील गळके असेल, तर पंप बाहेरची हवाच ओढणार.

कसोटी घरच्या वस्तूंनी झाली. कार्ब्युरेटरची आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडे ट्यूबचे रबर आणि पट्ट्या लावून बंद केली. दट्ट्या तळाशी आणला, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना जोडले जातात. प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवून तिला रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी जोडली. २५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे एक तृतीयांश, दाब भरला. काटा भराभर खाली आला. डावीकडचे सील गेले असते, तर हवा गिअरबॉक्समध्ये ऑइल भरायच्या भोकातून आली असती. तिथे काही नव्हते. उजवीकडचा डायनॅमो उतरवून सीलवर साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडे आले. बारा वर्षांत ते रबर लाकडासारखे कडक झाले होते. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त भाग तोच निघाला.

मग मोठ्या जेटने गाडी बरी का वाटली? जादा पेट्रोलने जादा हवा काही काळ झाकली होती. लक्षण गेले, कारण राहिले.

नवे सील बसल्यावर दाब टिकला, इंजिनही शांत झाले. तरी प्लग किंचित फिकटच दिसे. याचेही उत्तर वहीत सापडले. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. जुन्या जेटने पूर्वीइतकेच इंधन सोडले, तर हवा आठ-नऊ टक्के जास्त होते. आता मात्र जेट एक पायरी मोठा घालण्याला कारण होते. इथेनॉलने जुने रबर फुगते, म्हणून पेट्रोलची नळीही बदलली.

काय बदलायचे नाही

रंगाचा प्रश्न शेवटी आला. २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. मूळ रूप राखण्याचा आग्रह आम्हालाही पटला. जे बिघडले ते बदलायचे, जे नुसते जुने झाले ते राहू द्यायचे. टाकीला उजव्या बाजूस एक पोचा आहे. तो कधी, कोणत्या वळणावर पडला हे सरांच्या आईंना ठाऊक आहे. तो आम्ही तसाच ठेवला.

हा प्रयोग शाळेत करायला मोटारसायकल लागत नाही. हवा न धरणारी सायकल, न वाजणारी विजेची घंटा, फवारा न मारणारा औषधाचा पंप, काहीही चालेल. विद्यार्थ्यांचे गट करावेत, प्रत्येक गटाला चार रकान्यांची वही द्यावी आणि दोनच नियम सांगावेत: एका वेळी एकच बदल करायचा, आणि चुकलेला अंदाज खोडायचा नाही. आमच्या वहीत चुकलेले अंदाज अकरा आहेत.