सिकलसेल आपल्याच भागात का? रक्तात लिहिलेली उत्क्रांतीची गोष्ट



आज दोन शब्दांबद्दल बोलायचे आहे. एक शब्द आपल्या ओळखीचा आहे, सिकलसेल. दुसरा मुलांच्या पुस्तकातला आहे, उत्क्रांती. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असे वाटेल. पण धडगाव असो, अक्कलकुवा असो की नवापूर, सिकलसेलचे नाव निघाले की बायका एकच प्रश्न विचारतात: "हा आजार आमच्याच लोकांत का?" कोणी म्हणते देवाचा कोप. कोणी म्हणते सुनेच्या माहेरचे रक्त खराब. या प्रश्नाचे खरे उत्तर उत्क्रांतीत आहे. ते कळले की सुनेवरचा ठपका आपोआप गळून पडतो.

बियाणे कोण निवडते?

उत्क्रांती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सजीवांमध्ये हळूहळू होत जाणारा बदल. तो कसा होतो हे आपल्याला घरचे बियाणे पाहून समजेल.

ज्वारी काढणीला आली की आपण शेतात फिरतो. भरलेले, टपोऱ्या दाण्याचे, कीड न लागलेले कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो. पुढच्या वर्षी तेच पेरतो. असे आपल्या आज्या-पणज्यांनी वर्षानुवर्षे केले, म्हणून रानातल्या बारीक दाण्याच्या गवतापासून आजची ज्वारी झाली.

यात तीन गोष्टी घडल्या. पहिली, वेगळेपण: एकाच शेतातली सगळी कणसे सारखी नसतात. दुसरी, वारसा: चांगल्या कणसाचा गुण त्याच्या बियाण्यात उतरतो. तिसरी, निवड: काही कणसांचे बी पुढे जाते, काहींचे जात नाही.

निसर्गातही हेच घडते. फरक एवढाच की तिथे निवडणारा हात नसतो. थंडी, दुष्काळ, रोगराई, शिकारी जनावर यांतून जो तगतो, त्याची पिल्ले जास्त होतात आणि त्याचे गुण पुढे जातात. याला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन या इंग्रज अभ्यासकाने १८५९ साली आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले.

कधी कधी निवडीचाही प्रश्न नसतो, नुसता योगायोग असतो. दहा घरे उठून दुसऱ्या डोंगरात वसली, तर त्या दहा घरांत जे गुण असतील तेच तिथल्या पुढच्या पिढ्यांत पसरतात. मग ते गुण चांगले असोत की वाईट.

किडीने हुशारी केली का?

हे सगळे फार जुन्या काळचे आहे असे समजू नका. आपल्या कापसात ते आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडातच अळीला मारणारे विष तयार होते. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळी कमी झाली. मग गुलाबी बोंडअळी पुन्हा दिसू लागली, आधी शेजारच्या गुजरातेत आणि नंतर आपल्याकडे. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे तिने मोठे नुकसान केले.

आपण म्हणतो, "किडीला औषधाची सवय झाली." पण एकेका अळीला सवय झालेली नाही. लाखो अळ्यांमध्ये थोड्या अळ्या अशा होत्या की त्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांनीच अंडी घातली आणि पुढच्या पिढ्यांत त्यांचीच संख्या वाढली. वेगळेपण, वारसा आणि निवड, तिन्ही गोष्टी इथे आहेत. बीटीच्या पाकिटासोबत कडेने लावायला पूर्वी साधे बियाणे देत, तेही याचसाठी. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, विष न बाधणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि तो गुण पसरायला वेळ लागावा.

माळेतला एक मणी बदलला

आता रक्ताकडे वळू. आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिनमुळे. ते अंगभर प्राणवायू पोचवते. हिमोग्लोबिन मण्यांच्या माळांसारखे ओवलेले असते. त्यातल्या एका माळेत १४६ मणी असतात. कोणत्या जागी कोणता मणी ओवायचा ही माहिती मुलाला आई-वडिलांकडून मिळते. तिला जनुक म्हणतात. एक प्रत आईची, एक वडिलांची.

ही माहिती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरताना क्वचित एखादे अक्षर बदलते. जगातले सगळे वेगळेपण मुळात अशाच बदलांतून येते. सिकलसेलमध्ये या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने हे शोधून काढले.

एवढ्याशा बदलाने काय होते? ज्या मुलाला दोन्ही प्रती बदललेल्या मिळतात, त्याच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक नसांत अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणून हातपाय ठणकतात, रक्त कमी होते, वारंवार ताप येतो. हा एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. ज्याची एकच प्रत बदललेली असते तो एएस, म्हणजे वाहक. तो सहसा ठणठणीत असतो. शेतात राबतो, लग्न करतो. तपासणी होईपर्यंत त्याला काही कळतही नाही.

मग हा आजार नाहीसा का झाला नाही?

खरे कोडे इथे आहे. जुन्या काळी एसएस मुले बहुतेक लहानपणीच दगावत. त्यांचा वंश पुढे जात नसे. निवडीच्या नियमाने हा बदल कधीच पुसून जायला हवा होता. तरी सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांत, तिकडे गडचिरोलीत माडिया समाजात, शंभरातल्या वीस ते पस्तीस जणांत तो आढळल्याचे अभ्यास सांगतात. असे का?

उत्तर डासांनी आणले. जंगल-डोंगरात मलेरिया पूर्वीपासून आहे. मलेरियाचे जंतू रक्ताच्या लाल पेशीत शिरतात आणि तिथे वाढतात. वाहकाच्या पेशींत मात्र त्यांची नीट वाढ होत नाही. म्हणून जीवघेण्या मलेरियातून वाहक मुले जास्त वाचतात.

आता जुन्या काळातल्या एका पाड्याची कल्पना करा. औषध नाही, मच्छरदाणी नाही. साध्या रक्ताची बरीच मुले मलेरियाने गेली. एसएस मुले सिकलसेलने गेली. वाहक मुले दोन्हींतून वाचली, मोठी झाली, त्यांनाही लेकरे झाली. त्यांच्याबरोबर तो बदललेला मणीही पुढच्या पिढीत गेला. एका बाजूने मलेरिया त्याला टिकवून ठेवत होता, दुसऱ्या बाजूने आजार त्याला कमी करत होता. या ओढाताणीत तो हजारो वर्षे टिकला.

म्हणजे हे रक्त खराब नाही, मैत्रिणींनो. आपले पूर्वज मलेरियाच्या रानात जगले, वाचले, त्याची ती खूण आहे. किंमत मात्र आजही काही लेकरे मोजतात.

याला पुरावा काय?

पहिला पुरावा नकाशाचा. केनियात वाढलेले डॉक्टर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले की आफ्रिकेत जिथे मलेरिया जास्त तिथेच सिकलसेलचे वाहक जास्त. अरबस्तान, ग्रीसचा काही भाग आणि भारतातल्या जंगलपट्ट्यातही तसेच दिसते. आपल्या देशात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली दक्षिणेकडच्या निलगिरी डोंगरांत झाली. म्हणजे हा काही एका जातीचा किंवा एका जमातीचा आजार नाही. जिथे मलेरिया तिथली ही गोष्ट आहे.

दुसरा पुरावा त्या माळेचाच. चिंपांझी माकडाची १४६ मण्यांची माळ आपल्या माळेशी मण्याला मणी जुळते. गोरिलाच्या माळेत एक मणी वेगळा आहे. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्या जातीत आठ मणी वेगळे, उंदरात सत्तावीस. नाते जितके लांबचे, तितका फरक जास्त.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: "मग माकडाचा माणूस झाला का?" नाही. चुलत बहीण ही आपली आई नसते, पण दोघींची आजी एकच असते. तसे आजचे माकड आपले पूर्वज नाही. फार फार मागे दोघांचे पूर्वज एक होते.

तिसरा पुरावा जमिनीखालचा. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेला जी नर्मदा वाहते, तिच्याच काठी मध्य प्रदेशात हथनोरा गावाजवळ १९८२ साली अरुण सोनकिया यांना माणसाच्या कवटीचा दगड झालेला तुकडा सापडला. तिची ठेवण आजच्या माणसाच्या कवटीसारखी नाही. आपल्या आधी वेगळ्या प्रकारची माणसे या खोऱ्यात राहत होती, हे ती सांगते.

आता आपण काय करायचे?

उत्क्रांतीला दया-माया नसते. तिने हा बदल टिकवला तो मुले दगावू देऊन. आज मलेरियासाठी औषध आहे, मच्छरदाणी आहे. म्हणून आपण वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. (वाहकालाही मलेरिया होतो, हे विसरू नका. मच्छरदाणी सगळ्यांनी लावायची.)

हिशेब नीट समजून घ्या. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता मूल रुग्ण असण्याची, चारात दोन ते वाहक असण्याची आणि चारात एक साध्या रक्ताचे असण्याची. पहिले मूल चांगले निघाले म्हणून दुसरेही निघेल असे नाही. दर वेळी हिशेब नव्याने. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसऱ्याचे रक्त साधे असेल, तर मूल रुग्ण होत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मूल एसएस असेल, तर एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. एकट्या सुनेचा दोष असूच शकत नाही. रुग्ण मूल झाले म्हणून बाईला माहेरी पाठवणे हा अन्याय आहे. गटाने तिच्या पाठीशी उभे राहायला हवे.

सिकलसेल दूर करण्याची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार दूर करायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीपासून काम चालू आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात सिकलसेलवर अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१९ ची पद्मश्री मिळाली.

आपल्या हातात असलेली कामे अशी:

- आशाताईला विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते. त्यात काही आढळले, तर पुढची पक्की चाचणी करतात.
- लग्न ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचे कार्ड पाहा. वाहक मुलीचे लग्न मोडायचे नाही. दोघे वाहक असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.
- दोघे वाहक असून दिवस राहिले, तर लगेच आरोग्य केंद्रात सांगा. गर्भाची तपासणी लवकरच्या दिवसांतच करावी लागते.
- रुग्णाला भरपूर पाणी द्या, थंडीत आणि पावसात जपा, फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चुकवू नका. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टर सांगतील तसेच घ्यायचे. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, तर बडव्याकडे वेळ न घालवता दवाखाना गाठा.
- २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरले आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गटातल्या किती घरांची तपासणी झाली आहे? आणि आजारी लेकरामुळे कोणा सुनेला बोल लावला जातो आहे का? तसे असेल, तर तिच्या सासूला बैठकीला बोलवा आणि चार दाण्यांचा हिशेब मांडून दाखवा: एक रुग्ण, दोन वाहक, एक साधा. ज्वारीचे चार दाणे त्यासाठी पुरेत.