धुण्याच्या यंत्राची पारख

वस्तु विकत घेणें सोपें, पण तिची पारख करणें कठीण, हा व्यवहारांतील जुना अनुभव आहे. बैल घेतांना आमचा वऱ्हाडी शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. परंतु पंधरा-वीस हजारांचें यंत्र घेतांना तोच चतुर मनुष्य त्याच्या रंगास व दुकानदाराच्या गोड शब्दांस भुलतो. कपडे धुण्याचें यंत्र, ज्यास आतां लहानथोर सर्वच वॉशिंग मशीन म्हणतात, तें आजकाल शहरांप्रमाणेंच कामरगांवासारख्या गांवींहि घेतलें जातें. कपाशीचा किंवा सोयाबीनचा पैसा हातीं आला म्हणजे तें घ्यावें असा बेत पुष्कळ घरीं होतो. असें यंत्र दोन वर्षांत बंद पडलें तर पैसा तर जातोच, पण धुण्याचा सारा भार पुन्हा घरांतील माउलीच्या हातांवर आणि बहुधा शाळेंत शिकणाऱ्या मुलीच्या वेळेवर येऊन पडतो. म्हणून टिकाऊ व भरंवशाचें यंत्र कसें ओळखावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

धुण्याचें काम हलकें आहे, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. श्रीगाडगे महाराज, ज्यांनीं हातीं खराटा घेऊन अवघ्या महाराष्ट्रास स्वच्छतेचा धडा दिला, त्यांचा जन्म 1876 सालीं आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत शेंडगांव येथें एका परिटाच्या घरींच झाला. ह्या कष्टांतून माणसाची सुटका व्हावी म्हणून युरोपांतहि फार पूर्वींपासून प्रयत्न चालू होते. जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथील याकोब शेफर ह्या धर्मोपदेशकानें 1767 सालीं धुण्याच्या यंत्राची रचना छापून प्रसिद्ध केली होती. विजेवर चालणारीं यंत्रें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत विकलीं जाऊं लागलीं. आज आपल्या प्रांताजवळच गोव्यांत वेर्णे येथें आयएफबी कंपनीचा, आणि पुण्याजवळ रांजणगांव येथें एलजी व हायर ह्या कंपन्यांचे कारखाने आहेत.

यंत्राची पारख करण्यापूर्वीं त्याचें कार्य समजून घ्यावें. मळ जातो तो तीन गोष्टींच्या योगानें: पाणी, साबणाची पूड व घुसळण. नंतर कपडा पिळावा लागतो. हें काम यंत्र हातानें न करतां गतीनें करतें. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. ढोलाची त्रिज्या 25 सेंटिमीटर असून तो मिनिटास 1200 वेळां फिरत असेल, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें 400 पट जोर येतो. 700 फेऱ्यांना हाच जोर सुमारें 137 पट असतो. हा जोर ढोलाच्या आंसावर, बेअरिंगवर व बाहेरील सांगाड्यावरहि पडतो. एकीकडे गोळा झालेली ओली गोधडी ढोलास किती हिसके देत असेल, ह्याची कल्पना ह्यावरून यावी. टिकाऊपणाची अर्धी परीक्षा येथेंच होते.

यंत्राचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला सेमी-ऑटोमॅटिक: ह्यांत दोन कुंड्या असतात, एकींत कपडे धुवावयाचे व दुसरींत पिळावयाचे, कपडे मात्र आपल्या हातानें हलवावे लागतात. दुसरा वरून कपडे टाकण्याचा पूर्ण स्वयंचलित, ज्यास टॉप लोड म्हणतात. तिसरा समोरून दार असलेला, म्हणजे फ्रंट लोड; हा पाणी कमी घेतो व कपड्यांस जपतो, परंतु किंमतीनें भारी व रचनेनें अधिक गुंतागुंतीचा असतो. ह्यांपैकीं कोणता उत्तम, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या घरास कोणता योग्य, हाच खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर पुढील पांच कसोट्यांनीं मिळतें.

पहिली कसोटी पाण्याची. स्वयंचलित यंत्रास नळांतून दाबानें पाणी यावें लागतें. टाकी 10 मीटर उंच असेल तर सुमारें 1 बार दाब मिळतो, 3 मीटर उंच असेल तर सुमारें 0.3 बार. यंत्रास किमान किती दाब लागतो हें त्याच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. तें आधीं वाचावें. ज्या घरीं नळ एक-दोन दिवसांआड येतो व पाणी बादलीनें भरावें लागतें, तेथें सेमी-ऑटोमॅटिक यंत्रच शहाणपणाचें. दुसरी गोष्ट पाण्याच्या जडपणाची. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, व दुसरी सोय नसल्यास 600 पर्यंत चालतो. आपल्याकडील कित्येक विहिरींचें व बोअरचें पाणी जड आहे. असें पाणी तापलें म्हणजे त्यांतील चुना हीटरवर थरानें बसतो, जसा तो पाणी तापवण्याच्या भांड्यांत बसतो. म्हणून ज्यांचें पाणी जड, त्यांनीं हीटरचें यंत्र घेतल्यास कंपनीनें सांगितलेल्या क्षारनाशक पुडीनें तें वेळोवेळीं साफ करावें.

दुसरी कसोटी विजेची. खेड्यांत वीज मध्येंच जाते व तिचा दाब चढउतार करतो. स्वयंचलित यंत्राचा मेंदू म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉनिक पाटी. मोटार बळकट असूनहि ही नाजूक पाटी विजेच्या झटक्यानें जळूं शकते, आणि तिची किंमत थोडी नसते. यंत्र दाबाचा किती चढउतार सोसतें हें विचारावें, व जरूर तेथें स्टॅबिलायझर लावावा. वीज परत आल्यावर यंत्र थांबलें होतें तेथूनच काम पुढें चालवितें काय, हेंहि पाहावें. अर्थिंगवांचून यंत्र कदापि चालवूं नये. ओलें अंग व उघडी वीज ह्यांचा संयोग प्राणघातक आहे.

तिसरी कसोटी बांधणीची. ढोल स्टेनलेस स्टीलचा असावा. पत्र्याचें अंग गंजतें, विशेषतः न्हाणीघरांत. तेथें जाड प्लास्टिकचें अंग अधिक टिकतें. खालचा भाग उघडा नसावा, त्यास जाळी किंवा झांकण असावें. कारण धान्य सांठविणाऱ्या आमच्या घरांत उंदीर असतातच आणि यंत्राच्या तारा कुरतडण्यास ते चुकत नाहींत.

चौथी कसोटी दुरुस्तीची, व आमच्या मतें हीच सर्वांत मोठी. पैसे देण्यापूर्वीं दुकानदारास स्पष्ट विचारावें: बिघाड झाल्यास कारागीर कोठून येईल? कारंज्याहून, कीं अमरावती-अकोल्याहून? त्याचें भाडें कोण देईल? सुटे भाग किती दिवसांत मिळतील? कंपनीचें मोठें नांव हें ह्या प्रश्नांचें उत्तर नव्हे. मराठवाड्यांत वाढलेल्या व्हिडिओकॉन कंपनीचें नांव एके काळीं घरोघरीं झालें होतें. ती कंपनीहि 2018 सालीं दिवाळखोरीच्या कायद्याखालीं गेली. म्हणून ज्याचे भाग अनेक दुकानीं मिळतात व जें जवळच्या कारागिराच्या हातचें आहे, तें साधें यंत्र बरें. युरोपीय संघानें 2021 पासून धुलाईयंत्राचे मुख्य सुटे भाग दहा वर्षें पुरविण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें आहे; आपल्या सरकारनेंहि 2022 च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहितीचें दालन उघडलें आहे. 'मोटारीस दहा वर्षांची हमी' हीं मोठीं अक्षरें वाचून हुरळून जाऊं नये. ती हमी बहुधा मोटारीपुरतीच असते, बाकीच्या यंत्राची हमी लहान अक्षरांत असते. पक्की पावती व हमीपत्र जपून ठेवावें. फसवणूक झाल्यास 1915 ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळतें.

पांचवी कसोटी किंमतीची. किंमत वर्षांनीं भागून पाहावी. समजा, एक यंत्र 12,000 रुपयांचें असून चार वर्षें टिकलें. वर्षास 3,000 रुपये पडले. दुसरें 20,000 रुपयांचें असून दहा वर्षें टिकलें व त्यास 3,000 रुपये दुरुस्ती लागली. वर्षास 2,300 रुपयेच पडले. अर्थात् स्वस्त तें नेहमीं स्वस्त नसतें. परंतु महाग तें नेहमीं टिकाऊ असतें असेंहि नाहीं. न लागणाऱ्या वीस कळांसाठीं कर्ज काढणें हें शहाणपण नव्हे.

यंत्र घरीं आल्यावरहि त्याचें आयुष्य आपल्या हातींच असतें. फ्रंट लोड यंत्राचा ढोल वाहतुकीसाठीं बोल्टांनीं जखडलेला असतो. ते बोल्ट काढल्यावांचून तें सुरू करूं नये. यंत्र सपाट जमिनीवर बसवावें. शेतांतील चिखलाचे कपडे आधीं झटकून व खंगाळून घ्यावे, खिशांतील खिळे व नाणीं काढावीं, मापापेक्षां अधिक कपडे कोंबूं नयेत, पूड बेताची घालावी, जाळी साफ करावी, व काम संपल्यावर झांकण उघडें ठेवावें.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एक सांगणें आहे. खरेदीच्या दिवशीं वडिलांसमवेत जा, पुस्तिका वाचा व वरील प्रश्न नम्रपणें पण निर्धारानें विचारा. शाळेंत शिकलेलें विज्ञान व गणित ह्यासाठींच आहे. आणि यंत्र आल्यावर तें चालविण्याचें काम आईवर किंवा ताईवर सोंपवूं नका. कळ दाबण्यास मुलाचा हातहि पुरतो. यंत्रानें वांचविलेला वेळ जर घरांतील स्त्रियांस विसाव्यासाठीं व मुलींस अभ्यासासाठीं मिळाला, तरच ती खरेदी खरी सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.