वादळाची वर्दी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्याला लागून, चोरखमारा नावाचे एक लहान गाव आहे. गावाजवळ मोठा तलाव आहे, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात शिरण्याचे एक प्रवेशद्वारही तेथेच आहे. मे महिना उजाडला आणि शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, की या मुलखात मोठी लगबग सुरू होते. तांबडे फुटताच माणसे तेंदूची पाने तोडण्यासाठी रानाची वाट धरतात. दिवस चढला, की सावलीला बसून त्या पानांचे पुडे बांधतात. कोठे लग्नाचा मांडव घातलेला असतो, कोठे परगावचे पाहुणे उतरलेले असतात, तर कोठे वाघ पाहण्याच्या आशेने आलेल्या प्रवाशांच्या गाड्या थांबलेल्या असतात. मुलांचा मुक्काम मात्र दिवसभर आंब्याच्या झाडाखाली!

अशा आनंदाच्या दिवसांत एखाद्या दुपारी हवामान खात्याची वर्दी येते : “गोंदिया जिल्ह्यात काही ठिकाणी मेघगर्जनेसह ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता आहे.” ही वर्दी ऐकून लोक काय करतात? एकजण डोक्यावरच्या निरभ्र आकाशाकडे पाहून हसतो. दुसरा म्हणतो, “दरवर्षीचेच आहे हे! मागच्या खेपेला तरी कोठे आले वादळ?” तिसऱ्याला लग्नाच्या मुहूर्ताची चिंता असते, तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो. मुलांना तर मनातून आनंदच होतो. कारण वारा सुटला म्हणजे झाडावरच्या कैऱ्या आपोआप खाली पडणार! फार थोडी माणसे उठून गोठ्यातली दावणी सोडतात आणि छपरावरची टिनाची पाने नीट आवळली आहेत की नाहीत, ते पाहतात.

शहाणीसुरती माणसे सुद्धा वादळाची वर्दी कानाआड का करतात? याचे उत्तर शोधण्यापूर्वी ती वर्दी कशाच्या आधारावर दिली जाते, हे समजून घेतले पाहिजे.

मे महिन्यात विदर्भातील जमीन भट्टीसारखी तापते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. अशा वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे वारे या भागात पोहोचले, तर वर चढणाऱ्या हवेबरोबर ते बाष्पही उंच जाते. तेथील थंडीने त्याचे जलबिंदू व हिमकण बनतात आणि पाहता पाहता पर्वतासारखा काळा ढग उभा राहतो. ढगातून पाऊस व गारा कोसळू लागल्या, की त्यांच्याबरोबर थंड, जड हवेचा लोट वेगाने खाली येतो. जमिनीवर आदळून तो चहूकडे पसरतो. घागरभर पाणी फरशीवर एकदम ओतले असता ते जसे सर्व बाजूंना धावते, तसेच हे होय. म्हणूनच पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी गार वाऱ्याचा झोत येतो आणि धुळीचे लोट उठतात. हा सारा प्रकार तास-दीड तासात उरकतो. दुपारी दोन वाजता स्वच्छ असलेले आकाश चार वाजता काळेकुट्ट होऊ शकते. तेव्हा केवळ आकाशाकडे पाहून वर्दीला हसणे शहाणपणाचे नव्हे.

वाऱ्याच्या वेगासंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही. तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला, तर रेटा नऊपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा फांद्या हलवतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा त्याच फांद्यांवर चौपट जोराने आदळतो. जुनी, किडलेली झाडे मग उन्मळतात, सैल टिने पात्यासारखी उडतात आणि कच्चा मांडव माणसांच्या अंगावर येतो.

हा धोका आधी कळावा, म्हणून आपल्या देशात १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. नागपूर येथे त्याचे प्रादेशिक केंद्र असून विदर्भाच्या हवामानाचे अंदाज तेथून दिले जातात. कृत्रिम उपग्रह ढगांची छायाचित्रे पाठवतात आणि रडार नावाचे यंत्र ढगात पाणी किती आहे व तो कोणत्या दिशेने सरकत आहे, हे सांगते. ढग बनू लागला, की पुढील तीन तासांपुरताही इशारा दिला जातो. विजांची सूचना देण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय भ्रमणध्वनीवर केलेली आहे. इशाऱ्यांना रंगही नेमून दिले आहेत. हिरवा म्हणजे चिंता नाही; पिवळा म्हणजे लक्ष असू द्या; नारिंगी म्हणजे तयारीत राहा; आणि तांबडा म्हणजे ताबडतोब कृती करा.

तथापि वर्दीमध्ये ‘काही ठिकाणी’ आणि ‘शक्यता’ असे जे शब्द असतात, त्यांचा अर्थ नीट समजला पाहिजे. असा ढग काही थोड्या कोसांपुरताच असतो. तो तिरोड्यावर फुटेल आणि चोरखमाऱ्यावर थेंबही पडणार नाही, असे सहज घडते. ज्याच्या गावी वादळ आले नाही, तो म्हणतो, “वर्दी खोटी ठरली.” अशी दोन-चार वेळा निराशा झाली, की पाचव्या वर्दीकडे तो पाहतही नाही, आणि सुट्टी असली, सण असला, तर न पाहण्यास आणखी एक निमित्त मिळते.

याचा परिणाम किती दारुण होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहराने १९७४ साली अनुभवले. डिसेंबर महिना होता आणि नाताळ तोंडावर आला होता. त्याच महिन्याच्या आरंभी ‘सेल्मा’ नावाच्या चक्रीवादळाची वर्दी शहराला मिळाली होती. परंतु ते वादळ वाट बदलून निघून गेले होते. पुढे २४ डिसेंबरच्या दुपारी ‘ट्रेसी’ नावाचे दुसरे वादळ शहराच्या दिशेने वळले. वेधशाळेने तत्काळ इशारा दिला. पण लोक सणाच्या तयारीत दंग होते. मागचे वादळ आले नाही, तसे हेही येणार नाही, असे अनेकांना वाटले. मध्यरात्रीनंतर वादळ शहरावर कोसळले. विमानतळावरील वायुवेगमापक ताशी २१७ किलोमीटर एवढा वेग नोंदवून मोडून पडला. नाताळच्या सकाळी पाहतात, तो शंभरांपैकी सत्तरांहून अधिक इमारती नष्ट झालेल्या! अनेक माणसे प्राणास मुकली आणि सुमारे ४७ हजार वस्तीच्या त्या शहरातून ३० हजारांहून अधिक लोकांना अन्यत्र हलवावे लागले. तेथील घरे तेवढ्या वाऱ्याला तोंड देण्याजोगी नव्हती, हे खरे. परंतु तयारीसाठी मिळालेले अमोल तास सणाच्या गडबडीत हातचे निघून गेले, हेही तितकेच खरे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातील आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेपासून ओडिशाने धडा घेतला. आश्रयासाठी पक्क्या इमारती बांधल्या, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. पुढे १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ नावाचे प्रचंड वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्याला लागले. ते नवरात्राचे अखेरचे दिवस होते, दसरा उंबरठ्यावर होता. परंतु सरकारी नोकरांच्या सणाच्या रजा रद्द करण्यात आल्या. वादळ येण्यापूर्वीच सुमारे १० लाख लोक घरदार सोडून सुरक्षित जागी गेले. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक होता. घरे पडली, पिके झोपली. पण मृतांची संख्या पन्नासाच्याही आत राहिली. वर्दी तीच, वारा तसाच. फरक पडला तो ती ऐकून घराबाहेर टाकलेल्या पावलांमुळे.

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यानेही अशी एक दिवाळी पाहिली आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रात रत्नागिरीच्या पश्चिमेस एक चक्रीवादळ तयार झाले. आपल्याकडील समुद्रांतील वादळांना भोवतालचे देश आळीपाळीने नावे देतात. या वादळाचे नाव म्यानमारने सुचविलेले होते — ‘क्यार’. त्या देशाच्या भाषेत क्यार म्हणजे वाघ! २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्याला महाचक्रीवादळाचे स्वरूप आले. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा आधीच देण्यात आला होता. बंदरांत आश्रयाला आलेल्या नौका नांगर टाकून उभ्या राहिल्या. जे समुद्रात अडकले, त्यांतील काहींची सुटका नौदलास व तटरक्षक दलास करावी लागली. किनाऱ्यावर जोराचा पाऊस व वारा झाला. पण हा वाघ किनाऱ्यावर आला नाही. तो पश्चिमेकडे अरबस्तानच्या दिशेने गेला आणि भर समुद्रातच विरून गेला.

मग कोकणाला दिलेली वर्दी खोटी होती काय? या प्रश्नाचे उत्तर चोरखमाऱ्यासारख्या गावातील मूल चटकन देऊ शकेल. रानाच्या वाटेवर वाघाची ताजी पावले दिसली, की माणसे एकमेकांना सावध करतात. त्या दिवशी कोणी एकटादुकटा रानात जात नाही. गेले तर घोळक्याने, बोलत-चालत जातात. संध्याकाळी सगळे सुखरूप घरी येतात. वाघ कोणालाच दिसलेला नसतो. तेव्हा “पावलांनी आपल्याला फसवले” असे कोणी म्हणते काय? वाघ दिसला नाही, हे सुदैव. पण तो जवळपास होता, हे सत्य. वादळाची वर्दी ही अशीच वाघाची पावले होत.

“लांडगा आला रे आला” असे ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो मुलगा गंमत म्हणून खोटे बोलत होता. म्हणून लोकांचा विश्वास उडाला. हवामान खाते गंमत करीत नाही. ते ढगांची पावले पाहून बोलते. तेव्हा त्या गोष्टीतला नियम येथे लावणे चुकीचे आहे.

सुट्टीच्या दिवशी मात्र सावध राहणे अधिक कठीण असते. शाळा चालू असली, म्हणजे गुरुजी मुलांना वर्गात घेतात, दारे लावतात, मोजदाद करतात. सुट्टीत मुले चहूकडे विखुरलेली असतात : कोणी तलावावर, कोणी रानात, कोणी मामाच्या गावी. पाहुण्यांना गावातले जुने झाड कोणते आणि पक्की इमारत कोणती, हे ठाऊक नसते. ‘कोणीतरी सांगेल’ असे प्रत्येकाला वाटते आणि शेवटी कोणीच सांगत नाही. म्हणून सुट्टीत प्रत्येक घरानेच आपली मोजदाद केली पाहिजे.

या कामी मुलांना पुष्कळ करता येईल. वर्दी कळताच ती शेजारच्या आजी-आजोबांना, तलावात जाळे टाकणाऱ्यांना आणि परगावच्या पाहुण्यांना सांगावी. उडून जाण्याजोग्या वस्तू घरात घ्याव्यात. गडगडाट ऐकू येताच झाडाखालून, पाण्यातून व उघड्या माळावरून निघून पक्क्या घरात जावे. टिनाच्या छपराखाली किंवा मांडवात थांबू नये. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. कारण वारा निमाला, तरी वीज रेंगाळत असते.

आणि त्या कैऱ्या? वादळ आले, तर त्या झाडाखाली पडतीलच. वारा थांबल्यावर, ओल्या मातीचा वास दरवळत असता, टोपली घेऊन सर्वांनी मिळून त्या वेचाव्यात. वादळ आले नाही, तर त्या झाडावर आणखी चार दिवस पिकतील. दोन्ही प्रसंगी कैऱ्या कोठे जात नाहीत. त्या वेचणारे हात मात्र शाबूत असले पाहिजेत.